तेल्हाऱ्याचं दुकान सोसायटीत गेलं तेव्हा

आम्ही खाटीक. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला ज्याचं त्याला ठरवता येईल. अमरावतीच्या आमच्या गल्लीत दिवस उजाडायचा तो बकऱ्यांच्या ओरडण्यानं आणि सुऱ्यांना धार लावण्याच्या आवाजानं. आमच्या हातचं मटण अर्धं शहर खायचं, आमच्या हातचं पाणी मात्र कोणाला चालत नसे. कोणी गरीब माणूस दांडग्यापुढे नमला की लोक ‘कसायाला गाय धार्जिणी’ म्हणत आणि आमच्याकडे बघून हसत. आम्ही जन्मात गाईला हात लावला नव्हता, पण म्हणीला कोण समजावणार.

माझ्या बापाला हे हसणं फार लागायचं. बोलायचा नाही, मनात ठेवायचा. दुसरी मोठी लढाई सुरू झाली आणि लष्कराच्या कंत्राटदारांना ढीगभर मटण लागू लागलं. एकेकट्या खाटकाच्या दारात दलाल येऊन मनाला येईल तो भाव सांगू लागले. तेव्हा बापानं गल्लीतल्या सगळ्यांना आमच्या ओसरीवर बोलावून बसवलं. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. सहकार खात्याचे साहेब अधूनमधून येत आणि शेतकऱ्यांना, विणकरांना सोसायट्या काढा म्हणून सांगत. बापानं अशाच एका साहेबाला विचारलं, "खाटकानं काढली तं चालन काय?" साहेब जरा अडखळले, मग चालेल म्हणाले. अशी आमची सोसायटी निघाली.

सगळ्यांनी मिळून बकरी घ्यायची, मिळून विकायची, नफा वाटून घ्यायचा, इतकी साधी गोष्ट. पण बापाचं समाधान तेवढ्यावर झालं नाही. अमरावती झाली, मग बडनेरा झालं, मग मूर्तिजापूर. प्रत्येक गावात एकदोन जुनी खाटकाची दुकानं असत. बाप त्यांच्या घरी जेवायला जायचा. रश्श्याची तोंडभरून स्तुती करायचा, पोराबाळांची चौकशी करायचा आणि हात धुताना दुकानाचा विषय काढायचा. दुकानाची जागा, परवाना, तराजू, मटण टांगायचे आकडे, सगळं सोसायटीचं. मालकाला त्याबदल्यात शेअर आणि त्याच दुकानात बसायची नोकरी. आई चिडवायची, "आज कोनाच्या घरी जेवाले चालले? बिचाऱ्याले सांगून ठेवा, ताटासंगं दुकानबी जाते." बाप हसायचा, आधी पोटोबा मग विठोबा असं काहीतरी पुटपुटायचा आणि धोतराचा सोगा सावरत निघायचा.

अकोल्याला सोसायटीनं सगळ्यात मोठी उडी मारली. बर्फाच्या कारखान्याजवळ एका व्यापाऱ्याची पत्र्याची शेड होती, आत फरशी, पाण्याचे नळ, सांडपाण्याला पक्की नाली. ती सोसायटीनं घेतली, आणि शेडच्या सोबत व्यापाऱ्याची लॉरीही आली. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून लॉरीच्या मागे कोळशाची भट्टी बसवलेली होती आणि तिच्या गॅसवर ती चालायची. चढ लागला की माणसं उतरून ढकलायची. बकरी शेडमध्ये कापायची, साफ करून बर्फाच्या लाद्यांत ठेवायची आणि लॉरीनं गावोगाव पाठवायची, हे बापाचं स्वप्न होतं. पोटच्या पोरीपेक्षा त्याला ती लॉरी प्यारी आहे, असं मी रागात म्हणत असे, आणि त्यात अगदीच खोटं होतं असं आजही म्हणवत नाही.

पोटची पोर, म्हणजे मी, तोवर तेल्हाऱ्याला दिलेली होते. कापसाचं गाव, काळी जमीन, पावसाळ्यात चप्पल चिखलात राहते आणि पाय पुढे जातो. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती. घरात मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमचे हे आणि मी. बाजाराच्या तोंडाशी मामाजींचं दुकान होतं. हे धनगरांकडून आणि धारणीकडच्या लोकांकडून बकरी आणत, मामाजी सोलणं-तोडणं आणि विक्री बघत, आणि मुंडी-पाये भाजून साफ करायचं काम माझं. हात कायम काळे असायचे. मला त्याचं काही वाटत नव्हतं. काम होतं, पोटाला होतं, सासरा शहाणा होता.

आता मुलान्याचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून झालं. आमच्याकडे खाटीक बकरं सोलतो, तोडतो, विकतो, पण गळ्यावर सुरी फिरवायची ती मुलान्यानं. गावातला कुणबी असो, माळी असो, खंडोबाला बकरं कापणारा असो, मुलान्यानं कापल्याशिवाय कोणी खात नसे. कोणी पाहुणा याचं नवल करायचा. गावाला त्यात नवल नव्हतं. सुतार, न्हावी, तसा मुलाना गावाचा. प्रत्येक बकऱ्यामागे गर्दनीचा वाटा त्याच्या हक्काचा, आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून ज्वारी. तेल्हाऱ्याचे मुलानाचाचा उंच, वाकलेले, कमी बोलणारे होते. सकाळी येऊन ओट्यावर बसायचे, मी चहा द्यायचे, मामाजी आणि ते एक शब्दही न बोलता चहा प्यायचे आणि कामाला लागायचे. त्यांच्या वडिलांनी मामाजींच्या वडिलांसाठी हेच काम केलं होतं.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील, आणि बकरी मिळेनाशी झाली. हे सकाळी जायचे ते रिकाम्या हातांनी परत यायचे. धनगर म्हणायचे, अकोल्याच्या सोसायटीनं कळपच्या कळप आधीच सांगून ठेवलेत. सोसायटी म्हणजे माझा बाप. घरात कोणी बोललं नाही, पण ताट वाढताना मला सगळ्यांच्या गप्प बसण्यातून ऐकू यायचं. माहेरी गेल्यावर मी बापाला विचारलं तर तो म्हणाला, "नातं नात्याच्या जागी, धंदा धंद्याच्या जागी." मी म्हटलं, "तुमच्या धंद्याच्या जागी माया नवरा उभा हाये." तो हसला नाही, पण ऐकलंही नाही.

आणि मग एक दिवस बाप तेल्हाऱ्याला जेवायला आला.

कशासाठी आला हे मला कळलं होतं, मामाजींना कळलं होतं, मी फोडणीला टाकलेल्या कांद्यालाही कळलं असेल. रस्सा झकास झाला होता. बापानं स्तुती केली. हात धुतले आणि व्याह्यांना म्हणाला, "इवाई, एकटं दुकान किती दिवस ओढान? सोसायटीत या. तुमी तेच, दुकान तेच, बकऱ्याची चिंता नाही."

मामाजी बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "द्याले मायी ना नाही. इलाजबी नाही. पन एक गोठ. बकरं तेल्हाऱ्यातच पडन, अन् आमच्या मुलान्याच्या हातानंच पडन. त्याचा हक्क हाये तसा राहीन."

"मंजूर," बाप म्हणाला.

मामाजींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते दाराच्या आड मी उभी होते तिकडे बघत म्हणाले, "सूनबाई, तुया बापाचा शब्द धरू काय?"

सुनेनं अशा वेळी बोलायचं नसतं. पण विचारलं होतं. मी पदर सावरला आणि म्हणाले, "धरा, मामाजी." खरं सांगते, मला वाटलं म्हणूनच म्हणाले. माझा बाप हावरा होता, पण खोटा नव्हता. दुकान सोसायटीत गेलं.

सुरुवातीचे काही महिने ठीक गेले. लॉरीतून अकोल्याहून जिवंत बकरी यायची, चाचा कापायचे, मामाजी विकायचे. मी बापाबद्दल दोन चांगले शब्द बोलू लागले होते. मग श्रावणाच्या तोंडावर सोसायटीच्या अकोल्याच्या कमिटीनं ठरवलं की यापुढे सगळी कापणी शेडमध्येच. गावोगाव जिवंत बकरी नेण्यात वाटेत मरतात, चारा लागतो, कातडी बिघडतात. बाप कमिटीचा मोठा, पण आता तो एकटा नव्हता. मूर्तिजापूरचे होते, बडनेऱ्याचे होते, अकोल्याचे होते. ज्यांची ज्यांची दुकानं त्यानं घेतली होती ते सगळे आता त्याच्याशेजारी बसून हात वर करत होते. ह्यांना निरोप आला की पोळ्याच्या करीला मटण तयार येईल.

पोळ्याची कर म्हणजे काय, हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. अख्खा श्रावण लोकांनी कोरडा काढलेला असतो. पोळ्याला पुरणपोळी होते, बैल सजतात, आणि दुसऱ्या दिवशी, करीला, घरोघरी मटण शिजतं. खाटकाच्या वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. मामाजींनी निरोप ऐकला आणि विचारलं, "अन् मुलानाजी?" ह्यांनी मान हलवली, काही माहीत नाही म्हणून. मामाजी त्या दिवशी चाचांच्या घरी स्वतः गेले. काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. परत आले तेव्हा जेवले नाहीत.

करीच्या दिवशी सकाळी लॉरी आली. मामाजींनी आकड्यांना मटण टांगलं. ते चांगलं होतं, कोवळं होतं, बर्फामुळे अजून गार होतं. लोक डबे, पातेली घेऊन आले. पहिला आला तो मळेवाला माळी, भाजी विकणारा, आमचा नेहमीचा. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "मुलानाचाचा दिसून नाही राहिले?"

"अकोल्याहून आलं हाये," मामाजी म्हणाले.

"कोनं कापलं?"

मामाजींना खोटं बोलता आलं असतं. माझ्या बापालाही नंतर याचंच आश्चर्य वाटलं. ते म्हणाले, "तिथल्या मुलान्यानं. आपल्या नाही."

"पाहातो मंग," माळी म्हणाला आणि रिकामं पातेलं घेऊन गेला. त्याच्यामागून आलेल्यांनीही तेच विचारलं, तेच ऐकलं, तसेच गेले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. वऱ्हाडी माणूस तोंडाचा फटकळ म्हणतात, पण त्या दिवशी कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. मला वाटतं कोणीतरी बोलायला हवं होतं, मग मामाजींना उत्तर तरी देता आलं असतं.

थोड्या वेळानं रस्त्यावरून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येऊ लागला. मी दारात जाऊन पाहिलं. करीला मटण तर पाहिजे, आणि सोसायटीचं तर घ्यायचं नाही, तेव्हा लोकांनी आपापल्या घरचे कोंबडे धरले होते आणि ते काखेत घेऊन चाचांच्या घराकडे चालले होते. कुणबी, माळी, पाटलाच्या घरचा गडी, सगळे एका ओळीत, प्रत्येकाच्या काखेत ओरडणारा कोंबडा. मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. चाचा दिवसभर दारात बसून कोंबडे कापत होते. तेल्हाऱ्याच्या कोंबड्यांवर असा दिवस पुन्हा आला नसेल.

दुपारपर्यंत बर्फ वितळला. उमस होती. मटणावर माशा बसू लागल्या, मग वास सुटला. मामाजींनी आणि ह्यांनी ते ओढ्यापलीकडे खड्डा करून पुरलं. मामाजी हात धुऊन आले, मी ताट वाढलं, आणि ते नेहमीसारखंच मायेनं म्हणाले, "तू जेव, सूनबाई." त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ‘धरा’ मी म्हणाले होते, हे त्यांना आठवत होतं आणि म्हणूनच ते बोलत नव्हते. मला त्या दिवशी बापाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाप आला. आधी दुकानात रिकामे आकडे पाहून आला, मग घरी. त्यानं चाचांना आमच्या ओट्यावर बोलावून घेतलं. चाचा आले, नेहमीच्या जागी बसले. बाप म्हणाला, "अकोल्याले चला. सोसायटीत नोकरी देतो. महिन्याच्या महिन्याले पगार."

चाचा म्हणाले, "तेथं तं तुमचा हाये ना कापनारा."

"हाये. मंग काय झालं? त्याचंबी तेच काम, तुमचंबी तेच काम. मले तं समजून नाही राहिलं, गावाले काय फरक पडते."

माझा बाप शहरातला. अमरावतीत म्युनिसिपालिटीच्या कत्तलखान्यात कोणी कापलं हे कोणी विचारत नसे. मुलाना म्हणजे मुलाना, एक नाही दुसरा, असं त्याला मनापासून वाटत होतं. गावाला मात्र आपल्या मुलान्याचा हक्क मोडून आलेलं मटण नको होतं. ही चूक तोच करू शकत होता. चाचा समजावण्याच्या भानगडीत पडलेच नाहीत. म्हणाले, "मी गेलो तं ह्या गावाले कोन कापून देईन?" आणि उठून सलाम करून गेले.

बाप मामाजींकडे वळला. "इवाई, हे मी नाही केलं. कमिटीनं ठरवलं. मी एकटा काय करू?"

मामाजींनी सुपारी कातरायला घेतली. ते बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. मी आतून बाहेर आले आणि ओट्यावर उभी राहिले, डोक्यावरचा पदर नीट होता की नाही आठवत नाही. म्हणाले, "बा, कमिटीनं शब्द देल्ला नव्हता. तुमी देल्ला. अन् तुमच्याकून मी देल्ला."

बापानं माझ्याकडे पाहिलं. मी लहान असताना एकदा सुरीनं बोट कापून घेतलं होतं, तेव्हा पाहिलं होतं तसं. पाणी मागितलं, प्यायला, आणि गेला. पुढच्या आठवड्यापासून लॉरीतून पुन्हा जिवंत बकरी येऊ लागली. चाचा सकाळी येऊन ओट्यावर बसू लागले, मी चहा देऊ लागले. घरात सगळ्यांना वाटलं, सूनबाईच्या बोलण्यानं झालं. बाप मला नंतर माहेरी म्हणाला तेव्हा खरं कळलं. करीला इतकं मटण पुरावं लागलं म्हणून कमिटी घाबरली आणि तेल्हाऱ्यापुरता निर्णय फिरवला. "शब्दाचं तिथं कोनी नाव नाही घेतलं," तो म्हणाला. त्यानं हे सांगितलं याचं मला अजून कौतुक वाटतं.

सोसायटी वाढतच राहिली. दर्यापूर आलं, बाळापूर आलं. नवीन लॉरी आली, ती पेट्रोलवर चालायची. गल्लीतल्या पोरांना शाळेत पाठवायला लोक आता लाजत नव्हते, आणि हसणारे थोडे कमी झाले होते. हे सगळं माझ्या बापानं केलं. त्याबद्दल मला अभिमान होता आणि आहे.

मग अकोटच्या दुकानाचा विषय निघाला. तिथला खाटीक म्हातारा होता, मामाजींच्या ओळखीचा. बाप त्याच्याकडे जेवून आला, पण ह्या वेळी दुकान आलं नाही. म्हाताऱ्यानं तेल्हाऱ्याची गोष्ट ऐकली होती. तो म्हणाला होता, "तुमी मंजूर म्हनता, ठीक हाये. पन तुमच्या पोरीले आना. पोरगी म्हनन धरा, तं मी धरतो."

बाप तेल्हाऱ्याला आला आणि हे सगळं हसत सांगितलं. मामाजीही हसले. मला वाटतं बापाला आनंदच झाला होता, पोरीच्या शब्दाला एवढी किंमत आली म्हणून. तो म्हणाला, "चाल, लॉरी उभी हाये. सांजलोक आनून सोडतो."

मी भाकरी थापत होते. मी विचारलं, "अकोटच्या मुलान्याचं काय होईन, बा?"

"राहीन. काहून नाही राहीन?"

"कमिटीनं उद्या नाही म्हनलं तं?"

त्याला खोटं बोलता आलं असतं, पण माझ्यासमोर बोलला नाही. चुलीतलं लाकूड आत सारलं आणि म्हणाला, "उद्याचं मी कसं सांगू, पोरी? आता ते माया हातात नाही."

बापावर माझा जीव होता. पण त्याचा शब्द आता त्याचा राहिला नव्हता. मोठं होता होता तो दहा जणांत वाटला गेला होता, आणि हे त्याच्याइतकंच मलाही कळत होतं. मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाले, "मंग मी नाही येत."

त्यानं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. ताट मागितलं, मी वाढलं. रश्श्याबद्दल तो काही बोलला नाही. हात धुतले, मामाजींना रामराम केला आणि लॉरीत एकटाच बसून गेला. अकोटचं दुकान सोसायटीत कधीच आलं नाही.